केळीच्या ताज्या कापावर

तंजावर म्हटले की आपल्याला सरफोजी राजे आणि सरस्वती महाल आठवतो. आज त्याच तंजावरच्या केळीबद्दल बोलायचे आहे. तिरुवैयारूकडे कावेरीकाठी भातखाचरांना लागून बागा आहेत; पूवन ही तिथली आवडती जात. घड उतरवून फण्या सुट्या करतात आणि चाकू जिथून फिरतो तिथेच, फणीच्या बुडाशी, काही दिवसांत काळी कूज दिसू लागते.

ही कूज बुरशीमुळे होते; तिचे बीजाणू हवेत, पाण्यात, चाकूवर, सगळीकडे असतात. त्यांना हवा असतो ताज्या कापातला रस. फळांच्या सालीवर सापडणारी काही यीस्टही याच रसावर जगतात आणि वाढतात बुरशीपेक्षा वेगाने. ती आधी पोचली तर रेल्वेतल्या रुमाल टाकलेल्या जागेसारखी गत होते: बुरशी येते तेव्हा बसायला जागा नाही, खायला अन्नही नाही. काही यीस्ट बुरशीची पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे सोडतात. मेट्श्निकोविया पुल्चेरिमा नावाचे यीस्ट तर आसपासचे लोह लाल रंगद्रव्यात बांधून टाकते आणि बुरशीला उपाशी ठेवते.

कॅन्डिडा ओलिओफिला या यीस्टचे ‘अस्पायर’ हे औषध अमेरिकेत 1995 साली संत्री-सफरचंदांसाठी निघाले. पुढे ते बाजारातून गेले. प्रयोगशाळेत छान चालणारे यीस्ट पॅकहाउसमध्ये दर वेळी तसेच चालेल याची खात्री नसते, ही या साऱ्या उपायांची जुनी अडचण. तरी केळीबाबत मला आशा वाटते. बेल्जियममधल्या संशोधकांनी 2008 साली याच कॅन्डिडा ओलिओफिलाचा दुसरा वाण नेमक्या फणीच्या कुजीविरुद्ध तपासला होता.

फळावरच्या करपा या बुरशीरोगाचे मात्र वेगळे. त्याचे बीजाणू बागेतच हिरव्या सालीवर रुजतात आणि फळ पिकेपर्यंत दबा धरून बसतात. तिथे शेवटच्या दिवशी दिलेले यीस्ट उशिराच पोचणार. आणि कृपा करून पावाचे यीस्ट बादलीत कालवून फण्या बुडवू नका, ते निराळे.

काढणीनंतरची नासाडी हा तंजावरचा जुनाच विषय. तिथली आजची राष्ट्रीय अन्नप्रक्रिया संस्था, निफ्टेम, मुळात तिरुवारूरच्या भातगिरणीत 1967 साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून वाढली. केळीला यीस्ट द्यायचे तर वेळ थोडा असतो: चीक धुऊन झाल्यावर, फण्या खोक्यात जाण्याआधी, कापल्या दिवशीच.