सोनं कसाला लावूनच घ्यावं

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. कवितेत जुना शब्द आला की ओळीला वजन येतं. औषधाला मात्र नुसत्या जुनेपणाने वजन येत नाही.

सर्पगंधेचंच पाहा. ही मुळी वैद्यांच्या आणि गावोगावच्या वैदूंच्या पोतडीत पिढ्यान् पिढ्या होती. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' नाव दिलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन आलेले निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलंच 'रेसरपीन' हाती लागलं.

वैद्य, हकीम, पारशी डॉक्टर! मुळीचा धर्म कोणी विचारला नाही. प्रश्न तीनच होते: गुण येतो का, मात्रा किती आणि अपाय कोणता? अपायही दिसला. काही रुग्णांचं मन उदासीने काळवंडलं. तेव्हा मात्रा घटवली गेली, आणि पुढे अधिक सोयीची औषधं आल्यावर तिचा वापर ओसरला.

दरवेळी कौल बाजूनेच पडतो असं नाही. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या चाचणीत गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरलं नाही. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. हे ऐकून काहींना राग येतो. पण जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एवढं आठवावं, की सोनारसुद्धा सोनं कसाला लावूनच घेतो. आणि जुनं म्हणून न तपासताच फेकणाऱ्यांनी सर्पगंधा आठवावी.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आयुर्वेद आणि अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर एकाच दवाखान्यात बसवण्याचं धोरण आणलं. चांगलंच झालं. पण दोघांची दारं शेजारी असून भागत नाही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचायला हवी. रक्तदाबाची गोळी चालू असताना वर सर्पगंधाही पोटात गेली, तर रक्तदाब नको इतका खाली येऊ शकतो. भांडण दोन शास्त्रांचं, आणि भोवळ येते ती रोग्याला!

तेव्हा श्रोतेहो, कोणत्याही डॉक्टरांकडे जा, घरातल्या सगळ्या पुड्या, गोळ्या आणि काढ्याच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. आणि "हे एकमेकांबरोबर चालेल का?" असं निःसंकोच विचारा.