उजळणी : पाढ्यांची आणि संकल्पनांची



विज्ञानावर बोलावयास प्राध्यापकांना सोडून चालकांनी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले आहे. परंतु सहावी ते आठवीच्या ज्या मुलांविषयी आज बोलावयाचे आहे, त्यांतील पुष्कळशी आमच्याच माणसांची मुले आहेत. म्हणून हे आमंत्रण आम्ही स्वीकारले.

परीक्षा जवळ आली की घरोघर उजळणी सुरू होते. मूल डोळे मिटून व्याख्या घोकते आणि बाप पुस्तक हातात धरून शब्द ताडून पाहतो. पाढ्यांच्या बाबतीत ही रीत चालते. पण उजळणे म्हणजे भांडे घासून त्यावरचा काळपटपणा काढणे. संकल्पनेवर काळपटपणा चढतो तो शब्द विसरल्याने नव्हे, तर शब्द आणि वस्तू यांची ताटातूट झाल्याने.

कार्य ही संकल्पना घ्या. वस्तूवर बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य झाले असे पुस्तक म्हणते. 50 किलोचे पोते जमिनीपासून दीड मीटर उचलले तर सुमारे 735 ज्यूल कार्य होते. मग ते पोते पाठीवर घेऊन हमाल तासभर उभा राहिला तर? पोत्यावर झालेले कार्य शून्य! हे ऐकून हमाल हसेल, आणि त्याचा मुलगा गोंधळेल. त्याला गप्प बसवू नये. बापाचे स्नायू पोते पेलताना सतत आकुंचन पावत असतात, त्यात अन्नाची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होऊन घाम येतो. पोत्याला मात्र त्यातले काही मिळत नाही, हे त्याला सांगावे. पदार्थविज्ञानातले कार्य निराळे आणि श्रम निराळे, हे त्याला एकदा उमगले की पुन्हा घोकावे लागत नाही. (मजुरी ठरविताना हे सूत्र मालकाच्या हाती पडू नये, एवढीच आमची विनंती!)

दाबाचेही तसेच. डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. चुंबळीने हंड्याचे वजन गुंजभरही कमी होत नाही. ते अधिक जागेवर पसरते आणि दाब कमी होतो. उलट विळीला धार लावली की तेच बल बारीकशा जागेवर पडते आणि भाजी चिरते. बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र आमच्या आयाबहिणींनी कागदावर मांडले नाही, पण वापरले पिढ्यान्‌पिढ्या.

उष्णता आणि तापमान यांत तर मोठी माणसेही घोटाळा करतात. ग्राइंडरच्या ठिणगीचे तापमान उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक, तरी ती हातावर पडून विझते. उकळत्या पाण्याचा तांब्या सांडला तर कातडी सोलून निघते. ठिणगीत तापमान आहे, पण द्रव्य अत्यल्प, म्हणून उष्णताही अत्यल्प. उष्णतेचे रहस्य उलगडण्यास मोठी मदत झाली तीही कारखान्यातच. म्युनिक येथे तोफांच्या नळ्यांना छिद्र पाडताना होणाऱ्या घर्षणाने पाणी उकळते, हे काउंट रम्फर्डने दाखविले आणि 1798 साली आपले निष्कर्ष मांडले.

येथे मायकेल फॅरडेची आठवण केल्यावाचून राहवत नाही. हा लोहाराचा मुलगा पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत असता, बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकला. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो नाताळात मुलांसाठी व्याख्याने देत असे. 1860-61 सालच्या व्याख्यानांचा विषय होता एक साधी मेणबत्ती! मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होऊन जळते आणि त्यातून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात, एवढे रसायनशास्त्र त्याने त्या ज्योतीतून मुलांपुढे उभे केले.

हे सारे गुणांपुरते असते तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. मैलाच्या टाकीत एक कामगार उतरतो, कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आजही वाचाव्या लागतात. गटारे आणि मैलाच्या टाक्या यांची संरक्षक साधनांवाचून माणसाकडून सफाई करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली, तरीही. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असतो, म्हणून तळाशी साचतो. प्रथम त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीतही येथे घातक. आत मिथेन असला तर त्या दिव्यानेच भडका उडेल. घनता आणि ज्वलन हे सातवी-आठवीचे धडे येथे जीवनमरणाचे होतात. विज्ञान न कळणे हा कामगाराचा गुन्हा नव्हे. यंत्रे आणि साधने देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्याचीच आहे. पण ज्याला कारण कळते, तो 'साधनांवाचून उतरणार नाही' असे ठामपणे म्हणू शकतो आणि शेजाऱ्यालाही आवरू शकतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. या सुटीत रोज संध्याकाळी एक संकल्पना, एक वस्तू आणि एक प्रश्न घ्यावा. चुंबळ कशासाठी? कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? माठातले पाणी गार कसे होते? मुलाने आपल्या शब्दांत सांगावे आणि आईबापांनी 'असे का?' म्हणून विचारावे. उत्तर अडले तर दोघांनी मिळून पुस्तक उघडावे. ज्या घरात शिकलेले कोणी नाही, तेथेही हे साधते; कारण प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. संघटनांनी आपल्या कचेऱ्या संध्याकाळी तासभर या कामासाठी मोकळ्या कराव्यात, हे आम्ही आमच्या सहकाऱ्यांनाही सांगत आहोत.