हरिपाठाची पट्टी कोणी ठरवावी?



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत हरिपाठाच्या गायनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही गवई नाही, शास्त्री तर नाहीच. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. परंतु पन्नास माणसांनी एका सुरात आणि एका चालीने पुढे जावे कसे, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. आणि वारकऱ्यांनी तो आमच्या कितीतरी आधी सोडवला आहे.

हरिपाठ म्हणजे ज्ञानदेवांच्या नावाचे 27 अभंग. नाथमहाराजांचाही हरिपाठ आहे, आणि त्यांचे पैठण आपल्या शहरापासून अवघे 50 किलोमीटर. सायंकाळी माणसे टाळ घेऊन रांगांत उभी राहतात, पावले टाकतात, आणि दर अभंगानंतर पहिल्याचे ध्रुपद फिरून म्हणतात. या गायनाची पट्टी, लय आणि भाव, अशा तीनच गोष्टींचा विचार आज करू.

प्रथम पट्टी. सर्वसाधारण पुरुषाचा आवाज काळी एक-दोनच्या सुमारास मोकळा लागतो, बाईचा काळी चार-पाचच्या. काळी एक हा षड्ज धरला, तर काळी चार हा त्याचा पंचम. एवढे अंतर असलेल्यांनी एकत्र म्हणावे कसे? एक सोय चालीतच आहे. हरिपाठाची रूढ चाल थोड्या स्वरांत फिरते. फार वर चढत नाही, फार खाली उतरत नाही. वारकरी भजनाचा सूर एरवी चढा असतो, त्याला कारण आहे. उघडे माळरान, टाळांचा झणत्कार आणि मृदंगाची थाप यांत खर्जातला आवाज बुडून जातो. म्हणून पट्टी चढी असावी हे खरे. पण शेवटच्या रांगेतल्या टाळकऱ्याचा गळा फाटेल इतकी नसावी. वीणेकऱ्याने सूर धरावा तो स्वतःचा गळा दाखवण्यासाठी नव्हे, सर्वांचे गळे जुळवण्यासाठी.

आता लय. आवाज हवेतून एका सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. वाटेवरची दिंडी 34 मीटर लांब असली, तर पुढच्या टाळाचा ठोका मागच्याला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. सेकंदाला दोन मात्रा अशी ठाय लय असेल तर हा उशीर मात्रेचा पाचवा हिस्सा. तो खपून जातो. दुगण घेतली की सेकंदाला चार मात्रा होतात, आणि तोच उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेवर येतो. मग मागचा मनुष्य कानावर विसंबला की चुकलाच! म्हणून टाळकरी डोळ्यांनीही लय धरतो. पुढच्याचा हात वर गेलेला दिसतो, शेजाऱ्याचे पाऊल पडलेले दिसते, आणि आपलेही पडते. जाणता मृदंगी मागची पावले जुळल्याखेरीज दुगण धरत नाही.

कारखान्यात पट्ट्याचा वेग पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारून ठरत नाही. दिंडीत वेग ठरतो तो मागच्याच्या पावलावरून. आम्ही हरिपाठाकडे वळलो ते या एका गोष्टीमुळे.

राहिला भाव. भाव रागात असतो असे जाणकार म्हणतात. काकड्याला भूपाळी, शेवटी भैरवी, हे आपण जाणतोच. हरिपाठाचा भाव मात्र आम्हांस त्याच्या मापात दिसतो. अक्षरांची संख्या 6, 6, 6 आणि 4. म्हणताना ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाही. प्रत्येक अक्षराला सारखाच मान. शेवटच्या चरणात दोन अक्षरे कमी, तेवढ्यात दमलेला माणूस श्वास घेतो आणि ध्रुपदाला पुन्हा उभा राहतो. या भावात रडवेपणा नाही आणि उन्मादही नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी जे स्थैर्य हवे असते, ते यात आहे.

हे सांगण्याचे प्रयोजन असे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपक एकाच्याच तोंडाशी असतो. पट्टी त्याची, लय त्याची, आणि बाकीचे हात जोडून ऐकत बसतात. पाळी संपवून आलेला मनुष्य दोन ओळी म्हणून पाहतो, सूर गाठता येत नाही, आणि गप्प होतो. तो देवळातून बाहेर पडतो तेव्हा श्रोता असतो. आत आला होता तो टाळकरी म्हणून. कोणी म्हणेल, मोठ्या गर्दीत यंत्रावाचून कसे चालेल? कीर्तनाला ते जरूर हवे. तेथे एकाने बोलावयाचे आणि हजारांनी ऐकावयाचे. 1917 साली जोगमहाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या परंपरेत शिकलेल्या कीर्तनकारांचा आम्हांस आदरच आहे. पण हरिपाठ म्हणायचा असतो. त्याला शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, गळ्याचीही नाही.

तेव्हा भजनी मंडळांना आमची विनंती तीन गोष्टींची. आरंभी शेवटच्या रांगेला सूर लावू द्या आणि तिच्याकडे पाहून पट्टी ठरवा. बायका असतील तर त्यांनाही विचारा. मागची पावले जुळल्यावाचून दुगण घेऊ नका. आणि ध्रुपदाला ध्वनिक्षेपक बंद ठेवा.

वाळूजच्या कारखान्यांलगत जे छोटे पंढरपूर आहे, तेथे आषाढीस शहरातून माणसांचा लोंढा जातो. त्यात हुद्देदार असतात, हमाल असतात, धुणीभांडी करणाऱ्या बाया असतात. वर्षभर यांच्यापैकी पुष्कळांचा आवाज कोणी विचारीत नाही. निदान हरिपाठात तरी तो ऐकू यावा, एवढेच आमचे मागणे आहे.