लुळा हात आणि शिकणारा मेंदू



छत्तीसगडात ज्याला लकवा म्हणतात त्यालाच रायपूरच्या मराठी घरांतून अर्धांगवायू म्हटले जाते. दोन्ही शब्द लुळ्या पडलेल्या अंगाकडे बोट दाखवितात, आणि कित्येकदा उपचाराची दिशा तेथेच चुकते. हात वस्तुतः शाबूत असतो. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते अथवा फुटते, आणि हाताला हुकूम देणारा भाग मरतो. तो पुन्हा जिवंत होत नाही. त्याच्या शेजारचे भाग ते काम थोडेफार शिकून घेतात, म्हणूनच रोगी पुन्हा उठतो. तेव्हा तेल चोळून घेणारा रोगी सुखावतो खरा, पण त्याचा मेंदू त्यातून फारसे काही शिकत नाही. शिकणे म्हटले की गिरविणे आलेच.

एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताची संवेदना तोडली, तेव्हा माकडांनी तो हात वापरणेच सोडले. चांगला हात बांधून ठेवताच मात्र तो ‘निकामी’ हात कामाला लागला. न वापरण्याचीही सवय जडते, हा त्याचा निष्कर्ष. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 222 रोग्यांपैकी काहींवर हीच पद्धत दोन आठवडे योजण्यात आली आणि तिचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. अर्थात, मनगट व बोटे थोडी तरी उघडणाऱ्यांनाच ती उपयोगी पडते. प्रेमापोटी घास भरविणारे घर नेमकी उलट सवय लावीत असते.

मग जितक्या लवकर तितके बरे काय? तसेही नाही. 2015 च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत 2104 रोगी होते. पहिल्या चोवीस तासांतच ज्यांना वारंवार व दीर्घकाळ उठवून चालविण्यात आले, त्यांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा किंचित वाईटच आढळली.

खरा प्रश्न अंतराचा आहे. रायपुरात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2012 पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. पण जगदलपूरहून आलेला रोगी सुमारे 300 किलोमीटर परततो, आणि व्यायाम घेणारा भौतिकोपचारतज्ज्ञ मागेच राहतो. मग घरच्यांनाच शिकवावे, ही कल्पना मोहक होती. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रोग्यांवर ती पारखण्यात आली आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच होते. निराशाजनक असला, तरी हा निकाल मोलाचा आहे. दोन महिन्यांपुरते शिकविलेले कुटुंब म्हणजे तज्ज्ञाचा स्वस्त पर्याय नव्हे, हे सरकारी योजना आखणाऱ्यांनी त्यातून उमजावे. रोग्याच्या मुलाने वा सुनेने त्यातून अपराधीपणा घेण्याचे कारण नाही.

त्यांच्या हाती काही गोष्टी उरतातच. भांडे उचलणे, गुंडी लावणे, खाटेवरून उठणे अशी रोजची कामे तज्ज्ञाने दाखविल्याप्रमाणे रोग्याकडून पुन्हापुन्हा करवून घ्यावीत. वेळ लागला तरी लागू द्यावा. आणि त्याला उठविताना लुळा हात धरून कधीही ओढू नये. सैल पडलेला खांदा निखळू लागतो, तो दुखू लागला की रोगी व्यायामच टाळतो.