मेंदूची सूज आणि रोजचा चहा : स्वागताध्यक्षीय भाषण



ज्यांच्या पाड्यांच्या भूमीवर ही वसाहत वसली त्या वारली बांधवांचे ऋण प्रथम मान्य करून मी आपणां सर्वांचे स्वागत करतो. मेंदूवरील आघातांचा विचार करणारी परिषद शहरातल्या एखाद्या थंडगार दालनात न भरवता आरेच्या या रानात का भरवली, असा प्रश्न गोरेगाव स्थानकापासून इथवरचे खड्डे सोसताना आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. शहरातले म्हशींचे तबेले हलवून मुंबईकरांना निर्भेळ दूध पुरवण्याची जी तजवीज दारा खुरोडी या कर्तबगार अधिकाऱ्याने १९४९ साली तीन हजार एकरांहून अधिक विस्ताराच्या या मुलखात केली, तिचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. आणि त्याच १९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, तर १९५१ सालीच मद्रासेत न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. हा निव्वळ योगायोग, त्यातून काहीही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण स्वागताध्यक्षाला एवढी मुभा असावी. खरे कारण निराळे आहे. इथले दूध ॲल्युमिनियमची पातळ झाकणे लावलेल्या काचेच्या बाटल्यांतून पहाटे केंद्रावर येई, आणि कार्ड हाती घेऊन रांगेत उभा राहिलेला संसारी माणूस ते घरी नेऊन सर्वांआधी चहात ओती. मुंबईला चहाची जी चटक लागली आहे तिच्यात आमच्या वसाहतीचाही थोडा हात आहे, आणि कॅफीन व मेंदूची सूज हा आजचा विषय त्या चहापासून फार दूर नाही.

तज्ज्ञांपुढे शास्त्र सांगणे आगाऊपणाचे ठरेल. परंतु या सभेत आसपासचे रहिवासीही बसले आहेत, म्हणून दोन शब्द. पाय सुजला तर त्याला फुगायला वाव असतो. कवटी मात्र बंद, आणि तिच्यात मेंदू, रक्त व मेंदूभोवतीचा द्रव यांपैकी एकाचे आकारमान वाढले की इतरांना जागा सोडावी लागते, ती संपली की मेंदूच चेपला जातो. जखमी पेशींतून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि चेतापेशींचा उद्रेक शमवते. कॅफीन नेमके त्याचीच ग्राहीस्थाने अडवते. तेव्हा मेंदूकडे जाणारे रक्त घटल्याने सूज उतरेल, असा तर्क जितक्या सहजतेने लढवता येतो, तितक्याच सहजतेने ॲडेनोसिनचे रक्षण हिरावले गेल्याने इजा वाढेल, असाही लढवता येतो.

प्रयोगांनीही हा वाद एका फटक्यात मिटवला नाही. रियाधच्या संशोधकांनी २००३ साली उंदरांना मोठ्या मात्रेत कॅफीन देऊन डोक्याला मार दिला, तेव्हा त्यांची अवस्था अधिक बिघडली. उलट २००८ साली चीनमध्ये, ज्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यातच आघातापूर्वी तीन आठवडे कॅफीन मिसळले होते, त्यांच्या मेंदूत पाणी कमी साचले. आयत्या वेळी दिलेल्या एका मात्रेने मात्र तो लाभ झाला नाही. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या वैद्यांनी गंभीर इजा झालेल्या माणसांच्या मेंदूद्रवात कॅफीन असणे आणि रुग्ण बरा होणे यांचा संबंध आढळल्याचे नोंदवले. माझ्या मते या साऱ्यातली मर्माची गोष्ट सवय ही आहे. रोज कॅफीन घेणाऱ्याच्या मेंदूत ॲडेनोसिनची ग्राहीस्थाने वाढतात. अपघाताच्या घटकेला तो मेंदू आणि कधीच चहा न पिणाऱ्याचा मेंदू एकसारखे नसतात.

आणि इथेच माझी एक तक्रारवजा विनंती आहे. गोरेगावहून पवईकडे जाण्यासाठी आमचा आरे मार्ग आडवाट म्हणून वापरला जातो. त्यावरून दुचाकीस्वार पडून जायबंदी होतो, त्याला इस्पितळात नेतात, आणि केसपेपरवर तंबाखू, विडी, दारू यांची नोंद शिरस्त्याप्रमाणे होते. पण हा गृहस्थ दिवसाला कटिंगचे किती ग्लास रिचवतो, आणि शेवटचा ग्लास किती वाजता घेतला, हे त्याच्या बायकोला किंवा भावाला विचारलेले मी क्वचितच पाहिले आहे. कागदावर एक ओळ वाढवायला खर्च काय तो? उंदरांच्या पाण्यातले कॅफीन मोजणाऱ्या शास्त्राला माणसांच्या चहाचा हिशेब नसावा, हे मला चमत्कारिक वाटते.

यावरून कोणी उद्यापासून बेशुद्ध रुग्णाच्या नळीतून कॉफी सोडू लागेल, तर त्याला आवरावे. मेंदूची सूज उतरवतील म्हणून कित्येक दशके मोठ्या विश्वासाने दिली गेलेली स्टिरॉइड औषधे दहा हजारांवर रुग्णांवर पारखली गेली, तेव्हा ती मृत्यू वाढवतात असे २००४ साली निष्पन्न झाले. बिछान्याची उशाकडची बाजू उचलणे, मॅनिटॉल देणे, गरज पडल्यास कवटीचा तुकडा काढून मेंदूला वाट करून देणे, हीच तूर्त आपली हत्यारे आहेत.

व्यवस्थेविषयी थोडे सांगून थांबतो. भोजनाचा बंदोबस्त मंडपामागे आहे, चहा दिवसभर मिळेल. अंधार पडल्यावर मात्र कोणी एकट्याने रानाकडे फिरकू नये, कारण शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे आमच्या समितीचे निर्बंध पाळत नाहीत. आमच्या व्यवस्थेत उणीव राहिली तर ती पोटात घालावी, आणि अध्यक्षमहाराजांनी पहिल्या सत्राचे कामकाज सुरू करावे, अशी मी विनंती करतो.