एस्कलेट



'तुझ्या कामाबद्दल काहीतरी बोल' असं संयोजकांनी सांगितलंय. पण प्रोग्रामिंगवर बोलायला लागले तर तुम्ही सगळे आत्ताच पंगतीला जाऊन बसाल! म्हणून आमच्या ऑफिसात रोज कानावर पडणाऱ्या एका शब्दाबद्दल बोलते : 'एस्कलेट'.

काम अडलं की ते वरिष्ठांकडे न्यायचं, याला आम्ही 'एस्कलेट करणं' म्हणतो. बातम्यांत हाच शब्द युद्ध किंवा भांडण वाढलं की येतो. मराठीत आपण तक्रार 'वर नेतो' आणि प्रकरण 'चिघळतं'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द कसा, म्हणून शोधायला गेले.

मला वाटायचं, 'एस्कलेट'वरून 'एस्कलेटर' झाला असेल. झालंय उलटं! 'एस्कलेटर' हे नाव अमेरिकेत चार्ल्स सीबर्गर यांनी सरकत्या जिन्यासाठी तयार केलं. मुळाशी लॅटिन 'स्काला', म्हणजे शिडी. ओटिस कंपनीने हा जिना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला. नाव ट्रेडमार्क होतं, पण लोकांच्या तोंडी इतकं रुळलं की १९५० मध्ये तो हक्कच रद्द झाला. या नावाचं शेपूट कापून 'एस्कलेट' हे क्रियापद आलं. आधी त्याचा अर्थ फक्त सरकत्या जिन्याने जाणं एवढाच होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, शीतयुद्धात, छोटी चकमक पायरी-पायरीने मोठ्या युद्धापर्यंत जाते या अर्थाने तो वापरला जाऊ लागला आणि व्हिएतनाम युद्धाच्या बातम्यांनी घरोघरी पोचला.

हे वाचताना मला माझी एक मेल आठवली. काही वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या एका नव्या मुलाच्या चुकीमुळे ग्राहकाचं काम रात्रभर बंद पडलं. मी चिडून मेल लिहिली आणि सीसीमध्ये थेट साहेबांच्या साहेबांना घातलं. सकाळपर्यंत त्या मेलला पंधरा उत्तरं आली होती. प्रत्येक उत्तरात एक नवा माणूस, आणि आवाज आधीपेक्षा चढा. मला ते थांबवता येईना. दोन महिन्यांनी त्या मुलाने नोकरी सोडली. जाताना एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमच्या टेबलापासून माझं टेबल वीस पावलांवर होतं."

वर कळवू नये असं मी म्हणत नाही. सर्व्हर बंद पडला असताना गप्प बसणं हा गुन्हाच आहे. पण चूक वर कळवणं वेगळं आणि माणसाला त्या जिन्यावर उभं करणं वेगळं. एकदा पाय ठेवला की जिना आपणहून वर नेतो, आणि मधूनच उतरता येत नाही.

नववीत सहामाहीला मी कॉपी करताना सापडले होते, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. कारण बाईंनी ते मुख्याध्यापकांकडे नेलंच नाही. माझ्या बाकापाशी आल्या, पेपर काढून घेतला, हळूच म्हणाल्या, "सुट्टीत भेट." त्या विषयात मी नापास झाले, पण शाळेत मान खाली घालून फिरावं लागलं नाही.

बाई आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ती वीस पावलं तुम्ही चालून आला होतात. आता मीही मेल पाठवण्याआधी खुर्चीवरून उठते.