अंगठा देण्याआधी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आरोग्यावर काहीतरी बोल' म्हणून सांगितलं. शुगर आणि बीपीवर आपल्या ग्रुपवर रोज दहा संदेश येतात, त्यात मी अकरावा घालत नाही. नर्सिंगमध्येही संशोधन होतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. आज त्याबद्दल बोलते, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

सुरुवात शाळेपासूनच करते. नववीत आपण प्रयोगाच्या आधीच प्रयोगवहीत निरीक्षणं उतरवून ठेवायचो. एकदा बाईंनी माझी वही उचलली. लिटमस अजून कोरडा होता आणि वहीत तो तांबडा झालेला होता! बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काय दिसायला हवं ते पुस्तकात आहेच. तुला काय दिसलं ते लिही."

नोकरीला लागल्यावर कळलं की वॉर्डातही आधीच भरून ठेवलेल्या वह्या असतात. सलाईनसाठी हाताला इंट्राकॅथ लावतात, ती तीन-चार दिवसांनी बदलायचीच, असा आमचा नियम. जागा स्वच्छ असो, सूज नसो, काढायची आणि नवी टोचायची. म्हाताऱ्या माणसांची शीर पटकन सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं. 'का बदलायची?' असं विचारलं तर उत्तर एकच, 'नाहीतर शीर सुजते.'

ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकर्ड या नर्स-संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. ३,२८३ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे केलेले दोन गट. एका गटात सुई ठरलेल्या दिवशी बदलली, दुसऱ्या गटात गरज दिसली तरच. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्केच होतं. म्हणजे नियम म्हणून आम्ही जे टोचत होतो, त्यातलं कितीतरी टोचणं विनाकारण होतं. जागा मात्र रोज नीट पाहायला हवी, ती जबाबदारी सुटत नाही. पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा म्हणतात ती हीच.

पण असा पुरावा माणसांकडूनच मिळवावा लागतो. लिटमसला विचारावं लागत नाही, माणसाला विचारावं लागतं. माझी चूक इथेच झाली.

एम.एस्सी. नर्सिंगला माझा प्रबंध याच विषयावर होता. सलाईनने सुजलेल्या हाताला बर्फाचा शेक बरा की ग्लिसरीन-मॅग्नेशियम सल्फेटची पट्टी? एथिक्स कमिटीची मंजुरी होती, मराठीत संमतिपत्र होतं, सगळं कागदोपत्री चोख. निमोनियाने दाखल झालेल्या एका आजींना मी दोन मिनिटांत ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आजी, इथे अंगठा द्या." त्यांनी दिला. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्याच मावशींनी सही केली.

घरी जायच्या दिवशी आजींनी मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी अंगठा दिला नसता, तर माझं औषध बंद झालं असतं का गं?" मी म्हटलं, "नाही हो आजी, असं कसं होईल?" तर म्हणाल्या, "मग आधी सांगायचंस की. त्या बर्फाने माझा हात रात्रभर ठणकायचा. पण म्हटलं, अंगठा दिलाय, आता नाही कसं म्हणायचं!"

मित्रांनो, 'कधीही नाही म्हणू शकता' हे वाक्य त्या कागदावर होतं. मी ते वाचलंही होतं. पण आजींपर्यंत ते पोचलंच नव्हतं, आणि पोचलं की नाही हे मी पाहिलं नव्हतं.

मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. कमिटीला कळवलं. आजींची नोंद अभ्यासातून काढली. उरलेल्यांना पुन्हा, सावकाश, वॉर्डाबाहेरचा साक्षीदार बसवून विचारलं. तिघांनी नकार दिला. प्रबंध एक सत्र लांबला आणि घरच्यांची बोलणीही खाल्ली. पण त्या तिघांच्या उपचारात काडीचा फरक पडला नाही, आणि तो पडत नाही हे बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

लोकांचा आमच्यावर विश्वास असतो, धोका नेमका तिथेच असतो. अमेरिकेत अलाबामामध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा सरकारी अभ्यास चालला. बहुतेकांना आजार होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. या माणसांना गाडीतून तपासणीला नेणारी, त्यांच्या सुखदुःखाची विचारपूस करणारी एक नर्स होती, युनिस रिव्हर्स. ती त्यांच्यातलीच होती, मायाळू होती. म्हणूनच ते येत राहिले.

दुसरं उदाहरण समोर बसलेल्या सरांसाठी आणि बाईंसाठी. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस एका अभ्यास-प्रकल्पात दिली गेली. लस चांगली आहे, जगभर दिली जाते. प्रश्न संमतीचा होता. पुढे संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात आलं की आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आईबापांच्या जागी! त्यांनाही वाटलं असेल, मुलींच्या भल्याचंच आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

म्हणून आज एवढंच मागते. दवाखान्यात, शाळेत, कुठेही कुणी तुमच्यापुढे किंवा तुमच्या आईवडिलांपुढे कागद ठेवला, तर तीन गोष्टी विचारा. हा उपचार आहे की अभ्यास? नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काय फरक पडेल? आणि मधेच सोडायचं झालं तर सोडता येईल का? समोरची व्यक्ती माझ्यासारखी नर्स असली तरी विचारा. चांगल्या नर्सला राग येणार नाही.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, काय दिसलं ते लिहायला तुम्ही शिकवलंत. विचारायला मात्र त्या आजींनी शिकवलं, आणि तोवर माझं शिक्षण अपुरंच होतं.